विहिरीकडची ओळ

"एक थेंब नाही!" बाबा संत्र्याच्या झाडाखाली उकिडवे बसून ओरडले. "शैलेश, पाय रे, खाली एक थेंब नाही लागला!"

त्यांच्या हातात पिवळ्या कागदाचा तुकडा होता, आगपेटीएवढा. केतकीवहिनीनं असे बारा तुकडे झाडाला चिमट्यांनी लावले होते, सहा पानांच्या वरच्या बाजूला आणि सहा खालच्या बाजूला. मग बाबांना म्हणाली होती, "आता तुम्ही नेहमी मारता तसाच फवारा मारा. साधं पाणीच मारा." थेंब पडला की तो कागद निळा होतो. वरचे सहा कागद शाई सांडल्यासारखे निळे झाले होते. खालचे सहा जसेच्या तसे, हळदीसारखे पिवळे.

"पंचवीस वर्षं," बाबा कागद उलटसुलट करत म्हणाले, "पंचवीस वर्षं मी झाडाच्या डोक्यावरून आंघोळ घालून राह्यलो. अन् कोळी बसते पानाखाली, काळी माशी बसते पानाखाली. हसत असन मले."

"हसत नसेल बाबा," वहिनी म्हणाली. "छत्री मिळाली म्हणून आशीर्वाद देत असेल."

आणि बाबा हसले. साधे नाही, मान मागे टाकून, सगळे दात दाखवून हसले. शैलेशदादा हसला. बांधावर चहा घेऊन आलेली आई पदर तोंडाला लावून हसली. मी पंपाचं बटण धरून उभी होते. मी हसले नाही. तसला विनोद मी केला असता तर बाबांनी "लय बोलतं वं तू" म्हणून चहाचे कप आणायला पिटाळलं असतं.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. मी आता बारावीत आहे, तेव्हा नववीत होते. आमचा बगीचा वरूडच्या अलीकडे, सातशे झाडांचा. आणि त्या पावसाळ्यापर्यंत त्या बगीच्यात बाबांच्या खालोखाल माझा नंबर होता, हे मी अजिबात फुशारकी न मारता सांगते. (बरं, थोडी मारते.) दादाला झाडांपेक्षा मोबाइल जास्त कळायचे, त्याचं वरूडला दुकानच होतं. भिंग घेऊन झाडांखाली शिरायची ती मीच. संत्र्यावरचे कोळी नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत. ते फळाची कोवळी साल ओरबाडत बसतात आणि महिन्याभरानं फळावर लालसर चट्टा उठतो. त्याला आमच्याकडे लाल्या म्हणतात. लाल्या आलेलं फळ व्यापारी हातातसुद्धा घेत नाही. तर कोळी मोजायची मी, आणि बाबांना सांगायची मी.

शिवाय दार होतं. मोटरच्या खोलीचं लोखंडी, हिरवं दार. बगीच्यात कुठल्या ओळीवर कुठल्या तारखेला काय मारलं, ते बाबा वहीत लिहीत नसत, त्या दारावर खडूनं लिहून घेत. माझ्याकडून. त्यांचं अक्षर त्यांनाच वाचता यायचं नाही. सहावीपासून त्या दाराला माझ्याशिवाय कुणी खडू लावला नव्हता. बाबांच्या शेतकरी गटातले लोक यायचे, दार वाचायचे आणि म्हणायचे, "बापूसायेब, पोरीचं अक्षर म्हणजे छापील हाय हो."

मेमध्ये दादाचं लग्न झालं आणि अकोल्याची केतकीवहिनी घरात आली. शेतीची पदवी घेतलेली. पंधरा दिवस तिनं पोळ्या केल्या, सोळाव्या दिवशी बगीच्यात आली आणि बाबांच्या औषधाच्या ड्रममध्ये डोकावून म्हणाली, "बाबा, हे तेल तर वर तरंगतंय."

बाबा निंबोळी तेल सरळ पाण्यात ओतत, त्यावर मूठभर धुण्याची पावडर टाकत आणि काठीनं ढवळत. "म्हणजे पहिल्या झाडाला नुसतं पाणी," वहिनी म्हणाली, "आणि शेवटच्या झाडाला नुसतं तेल. पहिल्याचे किडे मजेत आणि शेवटच्याची पानं भाजलेली. होतं ना तसं?"

बाबा काठी आणखी जोरानं फिरवायला लागले. कारण दरवर्षी तसंच व्हायचं आणि बाबा म्हणायचे, कडेच्या झाडांना ऊन जास्त लागते.

मग तिनं झाडांसाठीचं शुद्ध केलेलं खनिज तेल आणवलं. ते आधी बादलीभर साबणाच्या पाण्यात घुसळायचं, अगदी दूध होईपर्यंत, आणि मगच मोठ्या ड्रममध्ये सोडायचं. घुसळायला तिनं काय घ्यावं? आईची ताकाची रवी! आईनं दोन दिवस रवी शोधली, शेजारच्या मावशीवर संशय घेतला, आणि तिसऱ्या दिवशी ती औषधाच्या बादलीत सापडली तेव्हा म्हणाली, "असू दे, नवी आणू." मी एकदा तिचं लाटणं क्रिकेटला नेलं होतं तर संध्याकाळपर्यंत जेवायला वाढलं नव्हतं.

"हे तेल किडीला विष देत नाही," वहिनी बाबांना समजावत होती. "तिच्या अंगावर पातळ थर बसतो, तिचा श्वास कोंडतो. म्हणून प्रत्येक किडीला ते लागलं पाहिजे. म्हणून खालून फवारा."

"मुक्ते, आयकून राह्यली ना?" बाबा म्हणाले. "शिक वहिनीपासून."

शिक! मला! सहावीपासून दार लिहिणारीला!

वाईट म्हणजे ती माझ्याशी चांगली वागायची. मी तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, तरी नणंद म्हणून "मुक्ताताई, तुम्ही" असं बोलवायची. भिंग मागायची ते "देता का?" म्हणून. पण भिंग तिच्या हातात गेलं की बाबा तिच्या शेजारी बसत. "किती दिसते, बेटा?" हा प्रश्न माझा होता. बेटा मी होते.

राखीचा दिवस. सकाळी मी दादाला राखी बांधली, आणि तो वहिनीला घेऊन अकोल्याला गेला. बाबा आईला घेऊन मामाकडे गेले. मी चाचणी परीक्षेचं निमित्त करून घरी राहिले. निमित्त खोटं नव्हतं, परीक्षा होतीच. पण पुस्तक उघडायच्या आधी मी बगीच्यात गेले.

विहिरीकडच्या ओळीत अठरा झाडं आहेत आणि कोळ्यांची सुरुवात नेहमी तिथूनच होते. मी भिंग लावलं. होते. मोटरच्या खोलीत मागच्या वर्षीची गंधकाची अर्धी पिशवी पडली होती. गंधक हे बाबांचं कोळ्यांवरचं जुनं औषध. माझा बेत सोपा होता. आपण एकटीनं गंधक मारायचं, दहा दिवस थांबायचं, मग बाबांच्या हातात भिंग द्यायचं आणि म्हणायचं, "पाहा. एक कोळी नाही. तेल नाही, कागद नाही, पदवी नाही." मग मान मागे टाकून हसायचं असेल तर हसा.

सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन मी अठरा झाडं भिजवली. आणि हो, खालून भिजवली. पिवळे कागद मीही पाहिले होते की. तीन तास लागले. खांदे सोलून निघाले, ओढणीला सडक्या अंड्यासारखा वास सुटला, ती मी दोनदा धुतली. दारापाशी खडू घेऊन उभीसुद्धा राहिले. पण लिहिलं असतं तर बाबांना त्याच संध्याकाळी कळलं असतं, माझं दहा दिवसांनंतरचं नाटक बुडालं असतं, आणि परवानगीशिवाय पंपाला हात लावल्याबद्दल बोलणी बसली असती ती वेगळीच. मी खडू परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी पावसाची एक हलकी सर आली आणि पानांवरचा पांढुरका थर वरून धुऊन गेला. खालचा कशाला जाईल?

नवव्या दिवशी सकाळी मी शाळेच्या गणवेशात बगीच्यात आले, तर ड्रम भरलेला. दुधासारखं पांढरं पाणी. वहिनीनं साडीवर दादाचा जुना शर्ट चढवला होता, बाबा पाइप सोडवत होते.

"आज वहिनीची परीक्षा," बाबा मला म्हणाले. "येत्या महिन्यात आपल्या गटाचे चाळीस जण बोलावतो पाहायले. सगळ्यांसाठी तेलाचे डबे सांगून ठेवले मी. पण आधी एका ओळीवर मारून पाहू म्हणते ते."

"कोणत्या ओळीवर?" मी विचारलं.

"विहिरीकडच्या. तिथंच जोर असते ना किडीचा."

मी काही बोलायच्या आत वहिनी माझ्याकडे वळली. "मुक्ताताई, या ओळीवर महिनाभरात गंधक नाही ना मारलेलं? दारावर तर नाही, पण विचारलेलं बरं. तेल आणि गंधक म्हणजे सवती. एका झाडावर नांदत नाहीत."

बाबा तिच्यामागे उभे होते. पाइप खांद्यावर, आणि चेहरा असा की जणू तेच परीक्षेला बसलेत आणि तीच त्यांना पास करणार आहे.

मी ड्रमकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही."

नक्की काय होणार, हे मला माहीत नव्हतं. हे मी आजही शपथेवर सांगेन. सवती भांडतील, औषध वाया जाईल, किडे मरणार नाहीत, वहिनीची जरा फजिती होईल, एवढंच वाटलं. पण फजिती व्हावी असं मात्र अगदी मनापासून वाटलं. शाळेला जाताना सायकलवर मी गाणं म्हणत होते.

चौथ्या दिवशी आईनं अंगणातूनच हाक मारली. "अवं, लवकर चाल! बाबा बोलावून राह्यले!"

विहिरीकडची ओळ कुणी चुलीवर धरल्यासारखी दिसत होती. पानांच्या कडा तपकिरी, करपलेल्या. खाली पानांचा खच. लिंबाएवढ्या हिरव्या फळांवर काळपट चट्टे, आणि हात लावला की फळ गळून हातात. सतरा झाडं तशी, अठरावं जरा कमी. वहिनी एकेका झाडाखाली जात होती आणि पानं गोळा करून ओच्यात भरत होती, जणू परत लावता येतील.

"जळली माही ओळ," बाबा म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "पंचवीस वर्षांत असं नव्हतं झालं. वरून आंघोळ घालत होतो तेच बरं होतं."

"माझं प्रमाण चुकलं असेल," वहिनी म्हणाली. "शंभर लिटरला एकच लिटर घेतलं होतं बाबा. मी दोनदा मोजलं होतं."

"मोजलं असशीन. झाडाले मोजमाप समजत नाही." आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मुक्ते, भिंग आण. बाकीच्या ओळी तू पाय. तुलेच समजते आपला बगीचा."

घ्या. मिळालं. जे हवं होतं ते सगळं, एका वाक्यात मिळालं. बाबा माझ्या शेजारी बसले, विचारलं, "किती दिसते, बेटा?" आणि मी भिंगातून बघत होते तर मला काही दिसेना. मी अंदाजानं "तीन" म्हणाले.

पुढच्या आठवड्यात वहिनी बगीच्यात आली नाही. ती दादाच्या दुकानात जाऊन बसायला लागली, मोबाइलच्या काचा बदलत. घरात तिचा विषय कुणी काढत नसे, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. आईनं नवी रवी आणली होती, ती मात्र आता कुलूप लावून ठेवल्यासारखी फडताळात वरच्या खणात ठेवली.

बाबांनी गटाचा कार्यक्रम रद्द केला नाही, उलट लवकर घ्यायचं ठरवलं. येत्या रविवारीच. "लोकाईले जळलेली ओळ दाखवतो. तेल मारू नका म्हणतो. आपलं झालं ते झालं, दुसऱ्याचं नको व्हायले." माझे बाबा असे आहेत. आणि वहिनी म्हणाली, "मीच सांगते त्यांना. चूक माझी आहे."

शनिवारी दुपारी मी मोटरच्या खोलीकडे गेले तर ती तिथं होती, खोलीमागच्या कागदी लिंबाच्या झाडापाशी. तिनं मला पाहिलं आणि एकदम मनगट धरून झाडाखाली ओढलं.

"मुक्ताताई, हे बघा. याला मी सोमवारी तेल मारलं. दुप्पट. शंभराला दोन. सकाळी लवकर नाही, दहा वाजता, उन्हात. बघा पानं."

पानं चकचकीत होती. तेल लावून भांग पाडलेल्या पोरांसारखी.

"मग प्रमाण नव्हतं चुकलं," मी म्हणाले. माझाच आवाज मला लांबून आला.

"नव्हतं. ऊनही नव्हतं, कारण त्या दिवशी ढग होते. तेलही तेच. मग उरलं काय?" ती दारासमोर गेली. माझ्या छापील अक्षरांवरून बोट फिरवत खालपर्यंत आली. "गंधक असतं तर अगदी असंच जळतं. पण गंधक नव्हतं. इथं नाही, आणि तुम्हीही नाही म्हणालात." तिनं बोटाला लागलेला खडू पदराला पुसला. "कॉलेजमध्ये आम्हाला शिकवलं होतं, शेतकऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, स्वतः तपासा. पण हे दार इतकं नीट लिहिलेलं आहे ना. मी म्हटलं, या दाराला काय तपासायचं? म्हणजे माझ्या हातातच काहीतरी खोट असणार. सोडा. उद्या सांगून टाकते आणि संपवते."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. भीती वाटली म्हणून नाही फक्त. खरं सांगते, तिच्या तोंडून "हे दार नीट लिहिलेलं आहे" ऐकून मला आधी बरं वाटलं होतं, आणि त्या बरं वाटण्याची मला इतकी किळस आली की मी पळाले.

रविवारी चाळीसाच्या जागी बावन्न जण आले. जळलेलं बघायला नेहमीच जास्त माणसं येतात. ओळीतून फिरले, चुकचुकले. "बापूसायेब, शिकलेली सून आणली अन् बगीच्याची होळी केली," कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. तेलाचे डबे परत पाठवायला मोटरच्या खोलीसमोर रचून ठेवले होते. वहिनी त्यांच्या शेजारी उभी राहिली. डोक्यावर पदर. तो ती एरवी घेत नसे.

"या झाडांवर मी तेल मारलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं की आपल्या भागात—"

"गंधक होतं!" मी म्हणाले.

एवढ्या जोरात निघालं की विहिरीवरचे पारवे उडाले.

"काय म्हणते हे पोट्टी?" मागून कुणीतरी विचारलं.

"त्या ओळीवर गंधक होतं. मी मारलं होतं. राखीच्या दिवशी. वहिनीनं मला विचारलं होतं अन् मी नाही म्हणाले. तेलानं नाही जळलं. माझ्यानं जळलं."

बाबा गर्दीतून माझ्याकडे आले. मी डोळे मिटले. थप्पड बसली नाही.

"किती झाडं?"

"पूर्ण ओळ."

"दारावर काऊन नाही लिहिलं?"

"तुम्हाले दाखवाचं होतं. मले बी येते म्हणून."

"अन् तिनं इचारलं तवा?"

आई बांधावर तोंडावर हात धरून उभी.

"तुम्ही तिच्याच संगं हसत होते," मी म्हणाले.

बाबांनी टोपी काढली, टोपीनंच तोंड पुसलं, परत घातली. मग मोटरच्या खोलीपाशी गेले, खडू उचलला आणि दारावर स्वतःच्या त्या वाचता न येणाऱ्या अक्षरात लिहिलं. विहिरीकडची ओळ, गंधक, राखी. लिहायला त्यांना खूप वेळ लागला. सगळे थांबले.

वहिनी माझ्यासमोर आली. मला वाटलं, आता ती मला जवळ घेईल. कथांमध्ये घेतात. तिनं नाही घेतलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो राग होता, दुसरं काही नाही.

"आठवडाभर," ती हळू म्हणाली, फक्त मला ऐकू येईल असं, "आठवडाभर मी स्वतःला मूर्ख समजत होते, मुक्ता."

ताई गेलं होतं. तुम्हीही गेलं होतं.

मग ती लोकांकडे वळली. सगळ्यांना खोलीमागे नेऊन लिंबाचं झाड दाखवलं, दुप्पट तेल सोसलेलं. पानं उलटी करून दाखवली. लोकांनी हात लावून पाहिलं. परत आली तोवर तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता.

"ज्यांना तेल न्यायचं आहे त्यांनी न्या," ती म्हणाली. "पण आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. महिनाभरात गंधक मारलंय का? तो प्रश्न मी विचारणार नाही. आमच्या नणंदबाई विचारतील. खोटं 'नाही' कसं असतं, ते त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत आहे."

लोक खो खो हसले. माझे कान तापले. तिनं गटाच्या नावांची यादी माझ्या हातात कोंबली आणि डब्यांकडे बोट केलं. मी जाऊन उभी राहिले. रडू येत होतं, पण यादी भिजली असती.

पहिलं नाव तुळशीराम काकांचं. साठीचे, दोनशे झाडं, गावात कुणाच्या बापाला न जुमानणारे.

"काका, महिनाभरात गंधक मारलं?"

"नाई," काका म्हणाले.

फार पटकन म्हणाले. आणि म्हणताना माझ्याकडे नाही, डब्यांकडे बघत होते.

मीही असंच ड्रमकडे बघून 'नाही' म्हणाले होते. "काका," मी म्हणाले, "मी पुन्हा विचारते."

काकांनी दुपट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. मागच्यांकडे पाहिलं. खाकरले.

"आठ दिस झाले," ते पुटपुटले. "घरी सांगू नको पण. काकू नको म्हणत होती."

मी त्यांच्या नावापुढे फुली मारली आणि डबा बाजूला ठेवला.

"पुढचा," वहिनी मागून म्हणाली, अजूनही माझ्याकडे न बघता.

मी पुढच्याकडे वळले.